नकाशातील रंगांची कीर्द

परतूरसारख्या तालुक्याच्या गावी जागेचा व्यवहार ठरताना पूर्वी सातबारा आणि फेरफार पाहिले, चतुःसीमा ताडून घेतली, की खरेदीदाराचे समाधान होत असे. गेल्या काही वर्षांत त्यात आणखी एका प्रश्नाची भर पडली आहे : जागा कोणत्या झोनमध्ये येते? उत्तरादाखल बहुधा मोबाईलवर विकास आराखड्याच्या नकाशाची पीडीएफ फाईल येते. गादीवर बसल्याबसल्या ती दोन बोटांनी मोठी केली जाते, सगळे जण वाकून पाहतात आणि कोणीतरी निर्वाळा देतो, "पिवळ्यात आहे, काळजी नाही." आयुष्यभराच्या बचतीचा निर्णय अशा रीतीने मोबाईलच्या काचेवरील एका रंगछटेवर सोपविला जातो.

बँकेच्या नोकरीत एक सवय अंगवळणी पडते. समोर जे दिसते त्यावर न थांबता त्याची मूळ नोंद कोठे आहे, हे विचारावयाचे. नकाशातील रंगालाही हाच प्रश्न विचारता येतो, आणि पुष्कळ वेळा त्याचे नेमके उत्तर त्या फाईलमध्येच लिहिलेले असते, हे आपल्या व्यापारी कुटुंबांपर्यंत पोहोचावे म्हणून आजचा लेखांक.

प्रथम रंगांना एवढे महत्त्व का, ते पाहू. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ या कायद्यान्वये नगरपरिषदा व महानगरपालिका आपापल्या हद्दीचा विकास आराखडा तयार करतात. नियोजनाच्या नकाशांत साधारणपणे पिवळा रंग निवासी, निळा वाणिज्य, जांभळा औद्योगिक, तांबडा सार्वजनिक व निमसार्वजनिक आणि हिरवा शेती किंवा मोकळ्या जागा दाखवितो. 'साधारणपणे' हा शब्द मी मुद्दाम वापरला आहे, कारण अंतिम शब्द त्या त्या नकाशाच्या कोपऱ्यातील संकेतसूचीचा. प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाल्यावर कलम २६ नुसार हरकती व सूचनांसाठी सर्वसाधारणपणे ३० दिवस मिळतात. पुढे आराखडा मंजूर होऊन अमलात आला आणि आपली जागा एखाद्या आरक्षणाखाली राहिली, तर कलम १२७ नुसार दहा वर्षे उलटल्यावर सूचना देता येते. त्यानंतरही २४ महिन्यांत संपादनाची कार्यवाही झाली नाही तर आरक्षण व्यपगत होते. म्हणजे ३० दिवसांत ज्याकडे दुर्लक्ष झाले, ते निस्तरण्यासाठी दहा-बारा वर्षे थांबण्याची पाळी येऊ शकते.

आराखड्याच्या नकाशात चुका असू शकतात काय? मुंबईचे उदाहरण सर्वांसमोर आहे. बृहन्मुंबई महानगरपालिकेने २०३४ पर्यंतचा प्रारूप आराखडा फेब्रुवारी २०१५ मध्ये प्रसिद्ध केला. वारसा वास्तू आणि प्रार्थनास्थळे नीट दाखविली नाहीत, उभ्या इमारतींवरून रस्ते नेले, अशा तक्रारींचा पाऊस पडला. एप्रिल २०१५ मध्ये मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी तो आराखडा दुरुस्त करून पुन्हा मांडण्याचा आदेश दिला. सुधारित प्रारूप मे २०१६ मध्ये आले आणि शासनाची मंजुरी मिळावयास २०१८ साल उजाडले. देशातील सर्वांत श्रीमंत महानगरपालिकेची ही कथा. तेथे वास्तुविशारद, वकील, वृत्तपत्रे आणि जागरूक नागरिक यांची फौज नकाशे पाहण्यास होती. तालुक्याच्या गावी नकाशा पाहणारे डोळे थोडे, आणि दिवस अवघे ३०.

आता फाईलच्या अंतरंगात शिरू. पीडीएफ ही अॅडोबी कंपनीने १९९३ मध्ये जगापुढे आणलेली रचना. कंपनीचे एक संस्थापक जॉन वॉर्नॉक यांची मूळ इच्छा अशी की, कोणत्याही संगणकावर आणि कोणत्याही छपाईयंत्रावर कागद जसाच्या तसा दिसावा. २००८ पासून ती आंतरराष्ट्रीय मानक झाली आहे. पुष्कळांची समजूत अशी असते की, पीडीएफ म्हणजे कागदाचा फोटो. काही फाईली खरोखर तशा असतात, पण नकाशा थेट संगणकावरील आरेखनातून पीडीएफमध्ये उतरविला असेल, तर फाईलमध्ये चित्र नसतेच. तेथे चित्र काढण्याच्या आज्ञा ओळीने लिहिलेल्या असतात. पडद्यावर नकाशा उघडताना संगणक त्या आज्ञा वरून खाली वाचत जातो आणि त्याबरहुकूम रेघा ओढून रंग भरतो. आपल्या भाषेत सांगावयाचे तर पडद्यावर दिसतो तो ताळेबंद, आणि आत दडलेली असते ती कीर्द.

या कीर्दीतील एक नोंद नमुन्यादाखल पाहा. 'एक, एक, शून्य, आर-जी' याचा अर्थ : यापुढे भरावयाचा रंग असा घ्यावा की, त्यात तांबडा पूर्ण, हिरवा पूर्ण आणि निळा शून्य. तांबडा व हिरवा प्रकाश मिसळला की पिवळा होतो, म्हणजे हा झाला पिवळा. पुढची ओळ '१००, २००, एम' : लेखणी डावीकडून १०० आणि खालून २०० बिंदूंवर ठेवावी. मग '१२०, २००, एल' : तेथपर्यंत सरळ रेघ. मग '१२०, २३०, एल' आणि '१००, २३०, एल'. शेवटी 'एच' म्हणजे आकृती बंद करावी आणि 'एफ' म्हणजे आत रंग भरावा. झाला एक पिवळा चौकोन. केवळ कडेची रेघ हवी असेल तर 'एफ'ऐवजी 'एस', रेघेचा रंग सांगावयाचा तर तीच 'आर-जी' ही अक्षरे इंग्रजी मोठ्या लिपीत, आणि छपाईच्या चार शायांत रंग सांगावयाचा तर तीनऐवजी चार आकडे व 'के' हे अक्षर. सगळा विकास आराखडा, त्यातील प्रत्येक रस्ता आणि प्रत्येक आरक्षण, अशा काही हजार नोंदींत मावलेला असतो.

या नोंदी जागा वाचविण्यासाठी आवळून ठेवलेल्या असल्याने उघड्या डोळ्यांनी वाचता येत नाहीत. त्यासाठी साधने आहेत, आणि त्यांपैकी कित्येक विनामूल्य आहेत. पायथॉन या संगणकभाषेत 'पायमूपीडीएफ' नावाचा संच आहे. त्याला एखादे पान दिले की त्यावरील प्रत्येक आकृतीचे कोपरे, भरलेला रंग, कडेचा रंग आणि रेघेची जाडी अशी यादी तो हाती देतो. 'पीडीएफप्लंबर' नावाचा दुसरा संच आयत, रेघा आणि वक्र आकृती वेगवेगळ्या करून देतो. आपल्या घरांतील संगणकशास्त्र शिकणाऱ्या मुलामुलींना हे काम एका दुपारचे. एक बारकावा त्यांना अवश्य सांगावा : पीडीएफ स्वतः पानाच्या खालच्या डाव्या कोपऱ्यापासून अंतर मोजते, तर हे संच उभे अंतर बहुधा वरच्या कडेपासून मोजून देतात. पायथॉन येत नसेल त्यांनी 'इंकस्केप' हा विनामूल्य कार्यक्रम घेऊन त्यात पीडीएफ उघडावी. आकृतीवर टिचकी मारली की तिचा रंग आकड्यांत दिसतो.

तत्पूर्वी एक साधी परीक्षा करावी. नकाशा पडद्यावर शक्य तितका मोठा करावा. कडा शेवटपर्यंत धारदार राहिल्या तर नकाशा आरेखित आहे आणि त्याची कीर्द वाचता येईल. कडा फाटून चौकटी-चौकटी दिसू लागल्या तर कोणीतरी कागद स्कॅन करून पीडीएफमध्ये गुंडाळला आहे. अशा फाईलमध्ये नोंद एकच असते, 'हे चित्र येथे लावावे'. त्यातील पिवळ्याच्या शेकडो छटा स्कॅनरच्या दिव्याने आणि कागदाच्या मळाने निर्माण केलेल्या असतात. तेथे रंगाचा अदमास घेता येतो, खात्री देता येत नाही. माझे मत स्पष्ट आहे : नियोजन करणाऱ्या कार्यालयाकडे आरेखित फाईल असताना नागरिकांना स्कॅन केलेली प्रत देणे, हे खातेदाराला पासबुकाऐवजी पासबुकाचा धूसर फोटो देण्यासारखे आहे.

मराठी कागदपत्रांच्या बाबतीत या वाचनाचा एक अनपेक्षित लाभ आहे. जुन्या देवनागरी टंकांत तयार झालेल्या शासकीय पीडीएफमधून मजकूर उचलून पाहा. हाती अगम्य चिन्हांचा ढीग येतो, कारण ते टंक युनिकोडपूर्व काळातील आहेत. आरेखनाच्या कार्यक्रमातून आलेल्या नकाशात तर कित्येकदा गट क्रमांक हे अक्षर म्हणून नसतातच. तेही बारीक रेघांनी काढलेले असतात, म्हणून शोधपेटीत गट क्रमांक लिहून काही सापडत नाही. रंग आणि कोपरे मात्र निव्वळ आकडे आहेत. त्यांना टंकाचा अडसर नाही.

आता अडचणींकडे वळू, कारण फसगत तेथेच होते. रंगाची ओळख पटविण्यासाठी आपल्या मनातला पिवळा उपयोगाचा नाही. प्रथम संकेतसूचीतील निवासी चौकोनाचे आकडे वाचावेत आणि मग नेमके तेच आकडे असलेल्या आकृती नकाशात शोधाव्यात. नकाशा व सूची बहुधा एकाच आरेखनातून निघालेली असल्याने आकडे सहसा तंतोतंत जुळतात. जुळत नसतील तर तो रंग पारदर्शक करून खालच्या थरावर टाकलेला असू शकतो. तेव्हा नोंदीतील रंग वेगळा असतो आणि मिसळून दिसणारा रंग वेगळा. आरक्षणे दाखविताना तिरप्या रेघांची नक्षी वापरतात. तेथे नोंदीत रंगाऐवजी नक्षीचे नाव निघते आणि त्या नक्षीची व्याख्या दुसरीकडे पाहावी लागते. काही आकृती खिडकीतून पाहिल्यासारख्या कापलेल्या असतात : नोंदीत पूर्ण, पानावर अर्ध्या.

सर्वांत महत्त्वाचा मुद्दा क्रमाचा. कीर्दीत जी नोंद नंतरची, ती आधीच्या आकृतीवर बसते. आधी हिरवा पट्टा काढला आणि त्यावर पिवळा चढविला, तर पडद्यावर पिवळे दिसते. पण खालचे हिरवे फाईलमधून पुसले जात नाही. म्हणून एखाद्या बिंदूचा रंग विचारताना तेथे येणाऱ्या सर्व आकृतींची यादी काढून त्यांतील शेवटची घ्यावी लागते.

हा क्रमाचा नियम नकाशापुरता नाही, आणि माझ्या जुन्या व्यवसायाशी त्याचा फार जवळचा संबंध आहे. कर्जप्रकरणासोबत खातेउताऱ्याची पीडीएफ जोडली जाते. एखादा लबाड मनुष्य त्यातील शिल्लक रकमेवर पांढरा आयत टाकतो आणि वर नवी रक्कम लिहितो. पांढऱ्यावर पांढरे, डोळ्याला काही कळत नाही. छापून घेतले तर मुळीच नाही. पण कीर्दीत तीन नोंदी क्रमाने उभ्या असतात : मूळ रक्कम, मग 'एक, एक, एक' असा पूर्ण पांढरा आयत, मग नवी रक्कम. खातेउताऱ्याच्या इतर ओळींत असे सुटे पांढरे आयत नसताना एकाच ओळीवर तो असेल, तर तपासणाऱ्याने थांबलेच पाहिजे. आपल्यापैकी जे उधारीवर मोठा माल देतात, हुंडीचा व्यवहार करतात किंवा भागीदारीपूर्वी समोरच्याचे खातेउतारे पाहतात, त्यांनी ही तपासणी आपल्या सनदी लेखापालाकडून करून घेण्यास हरकत नाही. अर्थात पान फोटोसारखे करून पुन्हा पीडीएफ बनविले असेल तर हा माग पुसला जातो. बँकेचा उतारा स्कॅन केलेल्या रूपात आला, एवढीच गोष्ट मग चौकशीला पुरेशी आहे.

याच नियमाची दुसरी बाजू काळ्या पट्टीची. अमेरिकेत जानेवारी २०१९ मध्ये पॉल मॅनाफोर्ट यांच्या वकिलांनी न्यायालयात एक पीडीएफ दाखल केली. गोपनीय ओळींवर काळ्या पट्ट्या होत्या. वाचकांनी त्या ओळी निवडून दुसरीकडे चिकटविल्या आणि झाकलेला मजकूर साऱ्या जगाने वाचला. काळा आयत हीसुद्धा वर ठेवलेली एक आकृतीच. आपण आधार क्रमांक, पॅन किंवा खाते क्रमांक काळ्या पट्टीने झाकून पीडीएफ पाठवितो तेव्हा हेच घडू शकते. आधारसाठी प्राधिकरणच शेवटचे चार अंक दाखविणारी झाकलेली प्रत देते, ती वापरावी. इतर कागदांसाठी पट्टी टाकल्यावर पानाचे चित्र करून ते पाठवावे.

असो. पुन्हा नकाशाकडे येऊ, कारण रंगाबरोबर क्षेत्रफळही या नोंदींतून निघते. पीडीएफमधील एक बिंदू म्हणजे एक इंचाचा ७२ वा भाग, सुमारे ०.३५३ मिलिमीटर. नकाशाचे प्रमाण एकास चार हजार असेल तर एक बिंदू जमिनीवर सुमारे १.४१ मीटर होतो आणि एक चौरस बिंदू जवळजवळ दोन चौरस मीटर. वरच्या नमुन्यातील चौकोन २० बिंदू रुंद व ३० बिंदू उंच, म्हणजे ६०० चौरस बिंदू होता. त्याचे क्षेत्र सुमारे ११९५ चौरस मीटर, आपल्या हिशेबात अकरा गुंठ्यांहून अधिक, बारा गुंठ्यांना थोडे कमी. वेड्यावाकड्या आकृतीचे क्षेत्रही कोपऱ्यांच्या आकड्यांचे तिरपे गुणाकार करून निघते. शाळेतील भूमितीत ते सूत्र आहे. मात्र छापलेल्या प्रमाणावर विसंबू नये. मोठा नकाशा लहान पानावर बसवून पीडीएफ केली असेल तर प्रमाण बदललेले असते आणि मथळ्यातील आकडा जुनाच राहतो. नकाशाखालची मापपट्टी हीही एक आकृती आहे. एकास चार हजार प्रमाणात २०० मीटरची पट्टी सुमारे १४२ बिंदू लांब भरली पाहिजे. ती ७१ भरली तर समजावे की नकाशा निम्म्यावर आला आहे, आणि क्षेत्राचे उत्तर चौपट चुकेल.

या विद्येचा खरा उपयोग दोन नकाशे ताडून पाहताना होतो. आराखड्याचा प्रवास लांबचा असतो. प्रारूप, हरकतींवर नियोजन समितीपुढे सुनावणी, फेरबदलांसह पुन्हा प्रसिद्धी, शासनाकडे सादर करणे, मग मंजुरी. आणि प्रत्येक टप्प्यावर नकाशा बदलू शकतो. दोन टप्प्यांचे नकाशे शेजारी ठेवून डोळ्यांनी फरक शोधणे जिकिरीचे. कार्यक्रमाला मात्र हे सोपे आहे : दोन्ही पानांवर काही बिंदूंच्या अंतराने जाळे टाकावयाचे, प्रत्येक ठिकाणी सर्वांत वरच्या आकृतीचा रंग विचारावयाचा आणि जेथे दोन उत्तरे भिन्न, ती ठिकाणे वेगळी काढावयाची. कोपरे थेट ताडून पाहण्यापेक्षा ही जाळ्याची रीत मला अधिक भरवशाची वाटते, कारण दुसऱ्या टप्प्यात आकृती नव्याने काढली असेल तर कोपऱ्यांचे आकडे किंचित सरकतात, आतला रंग सरकत नाही. दोन्ही नकाशे एकाच जागी बसतात ना, हे मात्र रेल्वेमार्ग किंवा नदीचे वळण यांसारख्या न बदलणाऱ्या खुणेवरून आधी पाहून घ्यावे. परतूरपुरते बोलावयाचे तर मनमाड–सिकंदराबाद लोहमार्गाची रेघ त्या कामी उत्तम.

अशा वाचनाला कायद्याने पुराव्याचे स्थान मिळते असे मात्र कोणी समजू नये. संकेतस्थळावरून उतरविलेली पीडीएफ ही माहितीसाठी असते. खरेदीपूर्वी नगरपरिषदेकडून किंवा नगररचना कार्यालयाकडून गट क्रमांकाचा झोन दाखला आणि त्या भागाचा भाग नकाशा रीतसर शुल्क भरून सही-शिक्क्यानिशी घ्यावा. बँकही तारण घेताना तेच मागते. झोन दाखल्यातील शब्द आणि नकाशातील रंग यांत तफावत दिसली, तर ती खरेदीखतापूर्वी लेखी विचारावी. तोंडी उत्तराची नोंद कोठेच राहत नाही.

प्रारूपावर हरकत नोंदवावयाची असेल तर "आमची जागा चुकीची दाखविली आहे" एवढ्याने काम भागत नाही. अर्जात नकाशाचा पत्रक क्रमांक, गट क्रमांक, संकेतसूचीप्रमाणे तेथे दिसणारा वापर, पूर्वीच्या मंजूर आराखड्यातील वापर आणि बाधित होणारे क्षेत्र चौरस मीटरमध्ये लिहावे. नकाशाच्या त्या भागाची मोठी केलेली प्रत जोडून त्यावर आपली हद्द ठळक करावी. सातबाऱ्याची व मोजणी नकाशाची प्रत सोबत द्यावी, पोच घ्यावी, आणि सुनावणीच्या तारखेस स्वतः हजर राहावे.